कुर्ता घेताना आधी काख बघा

कुर्ता घ्यायला गेलेला माणूस आधी रंग बघतो, मग गळ्यावरची एम्ब्रॉयडरी, मग किंमत, मग आरशासमोर हात खाली सोडून उभा राहतो, "बरा दिसतोय" म्हणतो आणि पैसे देऊन मोकळा होतो. हात वर कुणीच करून बघत नाही. मी टेलरची मुलगी, कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आप्पांच्या दुकानात मशीनच्या आवाजात वाढलेली, त्यामुळं मला कुठंही कुर्ता दिसला की मी आधी तो उलटा करते आणि बाही जिथं अंगाला जोडलीय ती जागा बघते. तिथं एक छोटा चौकोनी तुकडा बसवलेला असेल तर तो कुर्ता. नसेल तर तो कॉलर काढलेला लांब शर्ट आहे, गळ्यावर कितीही जरी लावलेली असू दे. माझं हे मत पक्कं आहे आणि ते का आहे हे एकदा नीट लिहायचं होतं, म्हणून आज बसले.

त्या चौकोनाला आप्पा बगल म्हणायचे. साधारण चार इंचाचा तुकडा, कधी साडेतीन, पैलवान गडी असेल तर पाच. आता तो कशासाठी ते समजायला जुना कुर्ता कसा कापतात ते बघायला लागेल. पाठ आणि पोट मिळून एकच लांब पट्टी, खांद्यावर घडी घालायची, म्हणजे खांद्यावर शिवणच नाही, मधोमध गळा कापायचा आणि छातीपर्यंत चीर द्यायची. बाह्या म्हणजे दोन सरळ आयत, त्या अंगाला काटकोनात जोडायच्या, शर्टासारखा मुंढा, म्हणजे बाही बसवायची जागा, गोल कापायचा नाही. मग दोन्ही बाजूंना कळ्या, एका लांब पट्टीला तिरकी कात्री मारली की एक उलटी एक सुलटी अशा दोन कळ्या निघतात, त्या वर अरुंद आणि खाली रुंद, त्यानं खालचा घेर येतो. आणि बाही, कळी सगळं जिथं एकत्र येतं त्या काखेत ती बगल, कोनावर बसवलेली. कोनावर बसवली की कापड तिरकं पडतं आणि तिरकं पडलेलं कापड ताणतं, हे शिवणकाम करणाऱ्या कुठल्याही बाईला माहिती असतं. त्यामुळं हात वर गेला की ती बगल उघडते, जागा देते, आणि कुर्ता कमरेवर जिथल्या तिथं राहतो. शर्टाच्या मुंढ्यात ही सोय नसते म्हणून हात वर केला की सगळा शर्ट वर ओढला जातो.

ह्या कापण्यात वाया काय जातं? गळ्याचा गोल तुकडा, बस्स. आणि तो पण आई ठेवून घ्यायची. पूर्वी हातमागावर धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारी होडीसारखी लाकडी वस्तू, एका हातानं फेकायचा आणि दुसऱ्या हातानं झेलायचा, त्यामुळं विणकराचे हात पोचतील तेवढाच कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, आणि त्या अरुंद कापडातनं इंच न इंच वापरायचं तर सरळ तुकडेच बरे. सूत काढायला, विणायला जेवढे कष्ट लागतात ते ज्यांनी बघितलेत ते लोक कापड कापून कचऱ्यात टाकणार नाहीत. हे कुणा एका डोक्यातनं निघालेलं डिझाइन नाही, लखनौपासून सिंधपर्यंत, पंजाबपासून बंगालपर्यंत (बंगालात तर ह्यालाच पंजाबी म्हणतात) कितीतरी पिढ्यांनी अंगावर घालून घालून ठरवलेलं आहे. लखनौवाल्यांनी त्याच्यावर चिकनचं काम केलं, इतक्या पातळ मलमलीवर की टाका मागनं घातला तर सावली पुढं दिसते, ते बघण्यासारखंच असतं. आपल्याकडं शेतकऱ्यानं त्याच जातीचा सदरा, पैरण, नंतर नेहरू शर्ट केला, जाड पांढऱ्या कापडाचा, तीन बटणांचा, छातीला खिसा आणि बाजूला खिसा. दोन्ही मला सारखेच प्रिय आहेत.

आता कोल्हापूरकरांना हे मी का सांगतेय? कारण हात वर करायला लागणारं आपल्याएवढं गाव दुसरं नसंल. जोतिबाच्या चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीवर सासनकाठ्या नाचवतात त्या बघा. ती उंचच्या उंच काठी, एक जण ती पेलणार, चारी बाजूंनी माणसं दोर धरून तोल सांभाळणार, सगळे हात डोक्याच्या वर, वरनं गुलाल खोबरं आणि "चांगभलं". फेटा बांधायचा तर हात डोक्याच्या वर. ढोल वाजवायचा, झेंडा नाचवायचा, तालमीत जोर मारून झाल्यावर अंगात काहीतरी घालायचं, सगळीकडं खांदा मोकळा पाहिजे. आणि तरी आपली पोरं ऑनलाइन स्लिम फिट कुर्ते मागवतात.

माझ्या भावाच्या मंडळानं एका वर्षी विसर्जनाला सगळ्यांना सारखे कुर्ते मागवले होते एका वेबसाइटवरनं, नाव घेत नाही, फोटोत सुरेख होते, केशरी रंग, गळ्याला मरून पाइपिंग. मिरवणूक मिरजकर तिकटीवरनं निघाली आणि बिनखांबी गणेश, महाद्वार रोड करत पापाच्या तिकटीला पोचेपर्यंत अर्ध्या पोरांचे कुर्ते काखेत उसवले होते, आणि उसवले म्हणजे शिवण सुटली असं पण नाही, शिवणीशेजारी कापडच फाटलेलं, जे परत शिवता येत नाही. पोरं म्हणाली कापड हलकं होतं. मी हातात घेऊन बघितला, कापड बरं होतं हो. मुंढा छोटा कापलेला, बाही घट्ट, छातीला फिटिंग, आणि ढोल वाजवणाऱ्या माणसाचा सगळा जोर त्या एका शिवणीवर. तिथं बगल असती तर जोर चार शिवणींत वाटला गेला असता. आणि समजा फाटलीच तर तेवढा चौकोन उसवायचा आणि नवीन बसवायचा, अर्ध्या तासाचं काम, बाकी कुर्ता आहे तसा. आमच्या आज्ज्याच्या सदऱ्यांना बगला बदललेल्या असायच्या, पांढऱ्यात पांढरं असलं तरी नवीन तुकडा जरा जास्त पांढरा दिसायचा.

फॅक्टरीत बगल का घालत नाहीत हे पण मला कळतं. तिथं कापडाचे थरावर थर रचून एकदम कापतात, आणि शिवणारा माणूस दिवसभर एकच शिवण मारत असतो. बगलेला चार कोपरे, प्रत्येक कोपऱ्यावर सुई खाली ठेवून कापड फिरवायचं, कोपरा चुकला की तिथं चुणी पडते आणि चुणी काचते. ह्याला वेळ जातो आणि वेळेचा पैसा होतो. त्या कारागिरांना दोष द्यायचा नाहीये मला. पण मग त्याची किंमत कुर्ता घालणारा देतो, एवढंच.

पैलवानांचं जरा वेगळं सांगते कारण आमच्या दुकानात त्यांची वर्दळ असायची. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग मैदान बांधलं, गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी ह्या तालमी तर सगळ्या महाराष्ट्राला माहिती, १९५९ चे पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे इथल्याच मातीत तयार झाले. तर पैलवानाचं माप कुठल्याच रेडीमेड साइझमध्ये बसत नाही. मान जाड, खांदे रुंद, पण कंबर तेवढी नाही, आणि दंड असा की साध्या बाहीत जात नाही. एक्सएलमध्ये गळा अडकतो, थ्री एक्सएल घेतला तर कुर्ता गुडघ्याच्या खाली. मग ते आप्पांकडं यायचे. "मास्तर, गळा मोकळा ठेवा बरं का." "ठेवतो की पैलवान, हात वर करा बघू." आप्पा टेप नंतर काढायचे, आधी हात वर करायला लावायचे, मग पुढं, मग मागं, आणि नुसतं बघूनच बगल किती इंचाची ते खडूनं पाटीवर लिहायचे. कॉलर नसल्यानं मानेला काच नाही, बाहीला कफ नाही, छातीपेक्षा घेर आठ दहा इंच जास्त, आणि त्यात तो गडी कसा राजासारखा दिसायचा! आज पण कुस्तीच्या मैदानात पुढच्या रांगेत वस्ताद मंडळी बसलेली बघा, फेटा आणि पांढरा स्वच्छ नेहरू शर्ट. मला त्या रांगेकडं बघून फार बरं वाटतं.

कापडाचं बोलायलाच पाहिजे. आपण कापडाच्या बाबतीत श्रीमंत जिल्हा आहोत, हे आपल्याच लोकांना सांगायला लागतं. शाहू महाराजांनी १९०६ मध्ये शाहू मिल काढली, आज ती बंद आहे, पण आमच्या आज्ज्याच्या पिढीची वेळ त्या मिलच्या भोंग्यावर चालायची. तिकडं इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला, जहागीरदार नारायणराव घोरपड्यांचा त्याला पाठिंबा होता, आणि त्या एका मागाचं पुढं सगळं शहर झालं. आज तिथल्या कुठल्याही गल्लीत जा, मागांचा खटखटाट ऐकू येतोच. सुताला खळ देणारं सायझिंग, उभे धागे गुंडाळायची वहिफणी, कांड्या भरणाऱ्या बायका, माग दुरुस्त करणारा जॉबर, मजुरी ठरवायची तर ती पिकावर, म्हणजे इंचात आडवे धागे किती त्याच्यावर. पॉपलीन, केंब्रिक, मलमल, धोतर, सगळं तिथं विणलं जातं आणि कोल्हापूरपासून ते सगळं तीस किलोमीटरच्या आत. आपण तो कुर्ता दिल्लीवरनं मागवतो आणि त्याचं कापड कदाचित इचलकरंजीतनंच गेलेलं असतं.

कापड सुट्टं घ्यायचं तर महाद्वार रोड, लक्ष्मीपुरी आहेच, पण जास्त घ्यायचं असेल, घरातल्या सगळ्यांचं, तर मी गांधीनगरला जाते. त्या गावाची गोष्टच वेगळी आहे, दुसऱ्या महायुद्धात तिथं वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, १९४३ पासून पुढं चार पाच वर्षं, साधारण पाच हजार माणसं, मग फाळणीनंतर सिंधी कुटुंबं तिथं आली आणि त्यांनी शून्यातनं कापडाची एवढी मोठी होलसेल बाजारपेठ उभी केली. तिथल्या म्हाताऱ्या दुकानदारांना कापड हातात दिलं की बोटानं चोळून सुती किती आणि पॉलिस्टर किती सांगतात. मला पण थोडंफार येतं, आप्पांनी शिकवलं. नाहीच कळलं तर काठाचा एक धागा काढून जाळून बघायचा. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ राख होते, पॉलिस्टर वितळून कडक काळा मणी होतो.

कुर्ता सुतीच घ्या. सुती धागा स्वतःच्या वजनाच्या साडेआठ टक्क्यांच्या आसपास दमटपणा धरून ठेवतो, पॉलिस्टर अर्धा टक्का पण नाही. म्हणजे घाम अंगावरच राहतो आणि चिकटतो. लग्नात हळदीला सगळ्यांना सारखे पिवळे चकचकीत "सिल्क" कुर्ते देतात ना, त्यातलं बहुतेक पॉलिस्टर असतं आणि मे महिन्यात मांडवात ती पोरं कशी बसलेली असतात ते बघवत नाही. ढगळ कुर्त्यात अंग आणि कापड ह्यांच्यामधनं हवा खेळते, ती खालनं आत येते, गळ्यातनं वर जाते, म्हणून तर गळा उघडा आणि बाजूला साइड कट. फिटिंगचा सुती कुर्ता घेतला तरी ही हवा बंद होते, मग सुती घेऊन अर्धाच फायदा. जुनी माणसं कांजी करायची ती पण त्याच्यासाठी, भाताची पेज पातळ करून त्यात बुडवला की कापड अंगापासनं लांब उभं राहतं. फक्त फार दाट नाही करायची, भोकं बुजतात आणि हवा अडते. पावसाळ्यात कांजी नकोच, आपल्या इथं जुलैमध्ये कपडा दोन दोन दिवस वाळत नाही आणि कांजीचा कपडा ओला राहिला की त्याला बुरशीचा वास लागतो. तेव्हा पातळ मलमल वापरा, रात्री पंख्याखाली टाकला की सकाळी वाळतो.

अजून एक, बायकांच्या कुर्तीबद्दल. पुरुषांच्या जुन्या कुर्त्याला बाजूच्या शिवणीत खिसा असतो, दिसत पण नाही, आणि त्यात पाकीट, तंबाखूची चंची, एसटीचं तिकीट सगळं मावायचं. आमच्या कुर्तीत तो खिसा गायब केला आणि वर फिटिंगसाठी पाठीत टक्स, म्हणजे शिवलेल्या चिमट्या, घातले. का? मी बँकेत जाते, बसमध्ये एका हातानं दांडा धरायचा, दुसऱ्या हातात डबा, मोबाइल ठेवायचा कुठं? म्हणून माझ्या कुर्त्या मी स्वतः शिवते, कळीच्या, बगल घालून, दोन्ही बाजूला खिसे. ऑफिसातल्या मैत्रिणी आधी म्हणायच्या ढगळ दिसतंय, आता त्यातल्या काही जणी माप घेऊन येतात. बसच्या वरच्या दांड्याला धरलेलं असताना कुर्ती वर सरकत नाही, हे ज्या बाईनं अनुभवलं तिला मला वेगळं काही पटवावं लागत नाही.

आणि काज-बटण. हे काम करणाऱ्या बायकांबद्दल कुणी लिहीत नाही. टेलर कुर्ता शिवतो, पण काज, बटण, खालच्या कडेची हातशिलाई पेठेतल्या बायका घरी करतात, नगावर. आमच्या गल्लीत दुपारी भांडी झाली की उंबऱ्यात बसून काज करणाऱ्या मावश्या असायच्या, एक काज म्हणजे कडेनं इतके जवळजवळ टाके की धागा दिसावा कापड दिसू नये, आणि त्याचे पैसे किती कमी मिळतात ते मला माहिती आहे. रेशमी कुर्त्याला तर दोन्ही पट्ट्यांवर काजच, कारण बटणं सुटी, साखळीनं जोडलेली, सोन्याची नाहीतर चांदीची, सराफांच्या गुजरीत अजून मिळतात, कपडा धुवायच्या आधी ती काढून ठेवायची. अशी जोडी आमच्या घरात आज्ज्याची आहे, लग्नकार्यात भाऊ घालतो. मशीनचं काज दोन वर्षांत उसवतं, हाताचं काज मी कापड विरलेलं असताना सुद्धा जागेवर बघितलंय.

गुलालाचं पण सांगून टाकते, दरवर्षी कुणीतरी विचारतंच. जोतिबाहून आलात की कुर्ता ओला करायचा नाही. आधी कोरडा झटकायचा, चांगला, गच्चीत जाऊन, उलटा सुलटा. मग गार पाण्यात, भरपूर पाण्यात, पाणी बदलत बदलत खळबळायचा, साबण नंतर. गरम पाणी घातलं की तो रंग धाग्यात बसला म्हणून समजा. थोडी गुलाबी छटा राहिली तर राहू दे, देवाचीच आहे. पांढऱ्या कुर्त्याला शेवटच्या पाण्यात नीळ, अगदी थोडी, पाणी फिकट आभाळी दिसेल इतकीच.

आता शिवून घ्यायचा असेल तर. छत्तीस इंच पन्ह्याचं कापड असेल तर मोठ्या माणसाला तीन मीटर, चव्वेचाळीस इंच पन्ह्याचं असेल तर अडीच. आणल्या आणल्या टेलरकडं द्यायचं नाही, रात्रभर पाण्यात भिजत घालायचं, न पिळता वाळवायचं, सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं आणि ते शिवायच्या आधी आटलेलं बरं. टेलर बघताना जुन्या पेठेतला बघा, शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, बुधवार पेठ, गंगावेशीच्या बाजूला, पन्नाशीच्या पुढचा माणूस असेल तर त्याला बगल आणि कळी हे दोन शब्द सांगितले की पुढचं काही सांगावं लागत नाही. तरुण टेलरला येत नसेल तर घरातला एखादा जुना सदरा उसवून त्याच्यासमोर ठेवा, सगळे तुकडे सरळ आहेत, अर्ध्या तासात कळतं, मी दोघांना असंच दाखवलंय आणि दोघंही आता करतात. शिलाई शर्टापेक्षा जास्त मागेल. द्या. त्यात घासाघीस करू नका, कारण बगलेचे चार कोपरे आणि हाताचं काज ह्याचे ते पैसे आहेत, आणि त्यातले काही त्या उंबऱ्यातल्या मावशीला जाणार आहेत. ट्रायलला गेलात की आरशासमोर उभं राहा आणि दोन्ही हात सासनकाठी धरल्यासारखे वर करा. कुर्त्याची खालची कड जागची हलली तर परत द्या.